थोरली

घाटनांदूरच्या तलाठी कार्यालयात पंखा होता, पण वीज नव्हती. म्हणून तलाठी रामप्रसाद यांनी खुर्च्या बाहेर लिंबाखाली मांडायला लावल्या. शिवानीनं वडिलांच्या मृत्यूचा दाखला पुढे केला. मन्मथअप्पांचं भांड्यांचं दुकान केव्हाच बंद झालं होतं. मागे राहिलं होतं ते अंबाजोगाई रस्त्यालगतचं शेत. त्याला वारस लावायचा, तर गावातल्या जाणत्यांसमोर पंचनामा व्हायला हवा. पंच म्हणून दूध घालणारे विठ्ठलराव आले होते, आणि त्यांच्या आधारानं शेजारच्या उमाबाई.

काम सोपं होतं. आई आधीच गेलेली. शिवानी एकुलती एक.

"दुसऱ्या ताई न्हाई आल्या?" पेनाचं टोपण काढत तलाठ्यांनी विचारलं.

"कोण दुसऱ्या?"

"तुमच्या थोरल्या भगिनी."

माणसाची गल्लत झाली असेल, असं शिवानीला वाटलं. दिवसभर लोकांचे वारस लावत बसणाऱ्याची व्हायचीच. "मला बहीण नाही," ती म्हणाली.

विठ्ठलराव मोठ्यांदा हसले. "वाटणीच्या टायमाला कुनालाच बहीण नसती, पोरी!" मग तिचा चेहरा पाहून ओशाळले. "अगं, दूध घेऊन जायचो तवा दार तीच उघडायची. लई गरीब सभावाची. नाक तुझ्यावानीच, पन केस पिकलेले."

शिवानी खुर्चीचा सुटलेला वेत बोटानं ओढत राहिली.

नागपूरहून ती पोचली, तेव्हा अप्पांना भिंतीशी बसवलेलं होतं. लिंगायतांत मृताला बसवूनच समाधी देतात. कपाळावर विभूती, तळहातात इष्टलिंग. तिनं तो हात धरला, तर नखं नुकतीच कापलेली, कडा घासून गोल केलेल्या. एवढं अंथरुणाला खिळलेलं माणूस, पण पाठीवर एक जखम नाही, असं अंघोळ घालणारे आपसांत म्हणत होते. अप्पा फोनवर म्हणायचे, "तू धावपळ करू नको. मी एकटा न्हाई." उमाबाई येऊन-जाऊन असतील, असं तिनं धरलं होतं. पण उमाबाईंना गुडघ्यांमुळे कुणी धरल्याशिवाय उंबराही ओलांडवत नव्हता, हे तिनं आल्यावर पाहिलं. तेव्हापासून तिच्या मनात एकच प्रश्न होता आणि तो कुणाला विचारायचा धीर नव्हता. अप्पांजवळ कोण होतं?

"मावशी," ती उमाबाईंकडे वळली, "आईच्या बाळंतपणाला तुम्ही होतात. तुम्हीच सांगा यांना."

"व्हते की. मंगलला तू एकलीच झालीस."

"मग?"

उमाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "मग काय सांगू बाई? मी तिच्या हातचा च्या पेलेय. खिडकीतून द्यायची."

लिंबाचा पाला हलायचा थांबला होता.

"अप्पाला बसवलं तवा मान सारखी ढळत व्हती," उमाबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "तीच मागं बसली, त्याच्या पाठीला छाती लावून. समदे तिला म्हनत व्हते, जरा उठ, पानी पी. उठली न्हाई. तू दारात आलीस तवा उठली. तुझ्या अंगावरूनच गेली की गं. तू सरकून वाट दिलीस तिला."

दारात आपण बाजूला सरकलो होतो, हे शिवानीला आठवलं. कशासाठी, ते आठवलं नाही.

तलाठी अवघडले होते. "ताई, तुमच्या घरातलं मला काय करायचंय? तुमी न्हाई म्हना, मी तसं लिहितो. सही करा, मोकळ्या व्हा."

नाही म्हणायचं. एवढंच.

शेत तिचं झालं असतं. आणि थोरली नाहीच म्हटलं, तर त्या घरात अप्पा एकटेच होते, असं झालं असतं. बंद खिडकी, हाताला न पोचणारा पाण्याचा तांब्या, दाराकडे तोंड करून पडलेले अप्पा. तिनं ते डोळ्यांसमोर आणून पाहिलं.

तिला ते बघवेना.

"आहे," शिवानी म्हणाली. "थोरली आहे."

"नाव?"

विठ्ठलरावांनी उमाबाईंकडे पाहिलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"उज्ज्वला," शिवानी म्हणाली.

घरात, नात्यागोत्यात हे नाव कुणाचंच नव्हतं. तिनं ते शोधलंही नव्हतं. विचारल्याबरोबर तोंडून आलं. तलाठ्यांनी लिहून घेतलं.

उमाबाईंनी शिवानीच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बरं झालं बाई. मी इचारलं व्हतं तिला एकदा, नाव काय गं तुझं? तर म्हनली, अजून ठेवलं न्हाई. शिवानी ठेवंल."