एक पन्नासचं पाणी

ही १९७४ सालची गोष्ट. तेव्हा मनगटावरची घड्याळं रोज किल्ली देऊन चालत, आणि दोन घड्याळांत पाच मिनिटांचा फरक पडला तरी कुणी आकाश कोसळल्यासारखं करत नसे.

टायपिंगच्या क्लासच्या वर, दुसऱ्या मजल्यावर, दोघी बहिणींचं एका खोलीचं कार्यालय होतं. दारावर ‘खाजगी तपास’ एवढीच पाटी. तपास थोरली करायची. धाकटी शिवणाची शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली. ती सगळं वहीत उतरवून घ्यायची आणि मग त्यातच अडकून बसायची.

त्या सकाळी आठ वाजता दारात एक तरुण बाई उभी राहिली. पायांना वाळू, चपला हातात.

“मी पलीकडच्या बेटावरच्या वाटाड्याची सून,” ती म्हणाली. “आज तीन वाजता बेटाची समिती माझ्या सासऱ्यांचा बिल्ला काढून घेणार आहे. बिल्ला गेला की घरही जातं. ते कामाबरोबर मिळालेलं आहे.”

“बसा,” थोरली म्हणाली. “पाणी प्या, आणि पहिल्यापासून सांगा.”

बेट आणि किनारा यांच्यामध्ये अर्ध्या तासाची दगडी वाट होती. भरतीला ती बुडायची, ओहोटीला उघडी पडायची. पाहुणे चालत यायचे, पक्षी बघायचे, खडकांतले खेकडे बघायचे, जुन्या दीपगृहावर चढायचे आणि पाणी चढायच्या आत परतायचे. बेटाच्या टोकाला चहाच्या दुकानाशेजारी एक फळा होता. बंदराच्या छापील पुस्तकात बघून वाटाड्या रोज सकाळी त्यावर खडूने पाणी चढायची वेळ लिहायचा.

“परवा एक प्राध्यापक आणि त्यांची बायको दीड वाजता परत निघाले. शंखशिंपले वेचत, रमतगमत. एक पन्नासला पाणी चढलं. होडीवाल्याने दोघांना ओढून काढलं म्हणून वाचले. बाई इस्पितळात आहेत, छातीत पाणी गेलंय. प्राध्यापक म्हणतात, आम्हाला अडीचची वेळ सांगितली होती. लोक म्हणतात, म्हाताऱ्याने फळ्यावर चुकीचं लिहिलं.”

“आणि तुम्ही काय म्हणता?”

“फळ्यावर चुकीचं नव्हतं.” सुनेचा आवाज चढला. “कुणीतरी नंतर बदललं असणार. कोण ते शोधून द्या.”

“चुकीचं नव्हतं, हे इतकं खात्रीने कसं सांगता?”

“मी पाहिलं होतं ना,” ती म्हणाली, आणि उगीचच चपला या हातातून त्या हातात घेतल्या.

“लग्नाला किती दिवस झाले?”

“आठ महिने. माहेर इकडचंच, शहरातलं.”

* * *

दहा वाजता तिघी वाट ओलांडून बेटावर पोचल्या. सून घरी गेली. धाकटीने वही उघडून आधी फळा उतरवून घेतला: आज, २:५०.

चहाच्या दुकानातल्या काकूंचं तोंड आणि हात बरोबरीने चालत. बंदराचं पुस्तक खिळ्याला टांगलेलं होतं.

“दोन दिवस मीच लिहितेय फळा. समितीने सांगितलं. पुस्तकात बघायचं, जसंच्या तसं उतरवायचं. त्यात काय मोठंसं?”

“परवा प्राध्यापकांना वेळ तुम्ही सांगितलीत?” थोरलीने विचारलं.

“मीच. ते विचारत आले, मी फळ्याकडे बघितलं आणि सांगितलं, अडीच वाजता पाणी चढेल. जन्म गेला माझा या फळ्यासमोर. आजवर एक पाहुणा भिजला नाही!” काकूंनी कप आपटला. “त्या बाईंचं काही बरंवाईट झालं तर माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही. पण मी चुकीचं सांगितलं नाही.”

थोरली पुस्तक काढून चाळत बसली. शेवटच्या पानावरच्या मुंगीएवढ्या अक्षरांपाशी ती बराच वेळ रेंगाळली.

धाकटीला घड्याळाची धास्ती. “ताई, आपलं परतायचं बघायला हवं. वेळ निघून जाईल.”

“अहो, बसा निवांत,” काकू म्हणाल्या. “आज पाणी चढायला साडेतीन वाजतील.”

धाकटीने वहीत बघितलं. २:५०. तिने चष्मा पुसला. हल्ली हे असंच होतं, असं स्वतःशी म्हणत तिने तो आकडा खोडला आणि ३:३० लिहिलं.

तेवढ्यात पोस्टमन चहाला आला. सायकलच्या साखळीवर ताजा गंज होता.

“माझी काय हालत झाली ते विचारा!” तो म्हणाला. “परवा नेहमीसारखा फळा बघून पावणेदोनला निघालो. वाटेत ते दोघं शिंपले वेचताना दिसले. मीच म्हणालो, सावकाश या, भरपूर वेळ आहे. पुढच्या उतारावर गेलो तर पेडल पाण्यात! टपाल डोक्यावर, सायकल खांद्यावर. मागे वळून बघायचं भान नव्हतं.” तो थांबला. “वळून बघायला हवं होतं.”

“फळ्यावर किती होतं?”

“बाई, आम्ही फळा वाचतो का? नजर टाकतो. अडीचपर्यंत काळजी नव्हती, एवढं नक्की.”

* * *

प्राध्यापक पाहुणेघराच्या पायरीवर बसले होते. दाढी वाढलेली. समितीसमोर बोलण्यासाठीच ते इस्पितळातून आले होते.

“माझ्या बायकोला परत फिरायचं होतं,” ते म्हणाले. “ती म्हणाली, पाणी हलतंय. मी तिला घड्याळ दाखवलं.”

थोरली त्यांच्याशेजारी पायरीवर बसली.

“आणि ऐका गंमत. आमच्या पाहुणेघरात एक पक्षीवाला होता. कुणाशी बोलत नाही, कुणाला विचारत नाही. तो फळा वाचून एक वाजताच निघाला आणि कोरड्या पायांनी पोचला. काल भेटला तर म्हणतो, फळ्यावर एक पन्नास होतं. मग मला अडीच का सांगितलं? तो म्हातारा तरी खोटा, नाहीतर ती चहावाली.”

“किंवा होडीवाला,” धाकटी हळूच कुजबुजली. “लोक चालायला घाबरले की होडीत बसतील. ताई, त्यानेच आकडा पुसला असणार!”

होडीवाला वाळूत होडीच्या फुटलेल्या फळीला ठिगळ मारत होता. त्याने दोघींकडे मान वर करूनही बघितलं नाही.

“माझ्यावर संशय आहे ना? साऱ्या बेटाचा आहे. दोघांना वाचवलं, त्याचं हे बक्षीस.”

“तुम्ही इतक्या झटपट कसे पोचलात?”

“झटपट कसला! अडीचच्या हिशेबाने झोपलो होतो. होडी वाळूत, दोर सोडलेला, म्हटलं अजून वेळ आहे. जाग आली तर होडी निघाली फिरायला! कपड्यांसकट उडी मारली. खडकावर आपटून ही फळी फुटली. होडीत चढलो तेव्हा त्यांच्या हाका ऐकू आल्या.”

“नवी फळी केव्हा बसवणार?”

“हंगाम संपल्यावर,” तो तुटकपणे म्हणाला. “उरलोच तर.”

* * *

वाटाड्याच्या अंगणात सून भेटली. तिघी घरात शिरण्याआधीच आतून आवाज आला, “या. सूनबाई आणि आणखी दोघी. एकीच्या चपलेची टाच झिजलीय.”

धाकटीने गुपचूप आपली टाच बघितली. ती खरंच झिजली होती.

म्हातारा उंच होता, अनवाणी. त्याने स्वतःच चहा ओतला, तर्जनी कपाच्या काठाच्या आत धरून. सून बाजूला उभी राहून पदराशी चाळा करत होती.

“परवा फळ्यावर काय लिहिलं होतंत?” थोरलीने विचारलं.

“एक दहा.”

धाकटीच्या हातातली पेन्सिल खाली पडली.

“पुस्तकात एक दहा, म्हणून फळ्यावर एक दहा,” म्हातारा म्हणाला. “तीस वर्षं पुस्तकातलाच आकडा लिहितोय. माझ्या बापाने तेच केलं.”

सुनेने झटकन वर बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. “मामंजी...” एवढंच ती म्हणाली.

बाहेर आल्यावर धाकटी कट्ट्यावर मटकन बसली. “ताई, माझं डोकं गरगरतंय. फळा एक आणि वेळा तीन! म्हातारा म्हणतो एक दहा, पक्षीवाला म्हणतो एक पन्नास, बाकीचे म्हणतात अडीच. आणि सगळे देवाशपथ खरं बोलल्यासारखे बोलतात.”

“बोलताहेतच खरं. वही दाखव.” थोरलीने पान उलटलं. “हे दोन पन्नास का खोडलंस?”

“चुकून लिहिलं होतं. काकू साडेतीन म्हणाल्या.”

“अगं बाई माझे! सकाळपासून एकच कामाची गोष्ट लिहिलीस, आणि तीच खोडलीस?”

* * *

पावणेतीनला थोरलीने सगळ्यांना फळ्यापाशी बोलावलं. समितीचे अध्यक्ष नाराज होते. सभा शाळेच्या खोलीत ठरली होती, आणि खुर्च्याही मांडून झाल्या होत्या.

“पाचच मिनिटं,” थोरली म्हणाली. “प्राध्यापक, फळ्यावर काय आहे?”

“दोन पन्नास.”

“तुमचं घड्याळ?”

“दोन एक्कावन्न.”

“मग पाणी कुठाय?”

दगडी वाट उन्हात कोरडी पडली होती. प्राध्यापकांनी फळ्याकडे बघितलं, वाटेकडे बघितलं. बेटावरचे लोक मात्र हसले.

“अहो, त्यात चाळीस मिनिटं मिळवायची असतात!” काकू म्हणाल्या. “पुस्तक बंदराचं. आमच्याकडे पाणी चाळीस मिनिटं उशिरा येतं. शेंबड्या पोराला माहीत आहे.”

“यांना कुणी सांगितलं होतं?” थोरलीने प्राध्यापकांकडे बोट दाखवलं.

“सांगायचं काय त्यात? आम्ही मिळवूनच सांगतो. आणि जो न विचारता नुसता फळा वाचून जातो, तो चाळीस मिनिटं आधी निघतो. त्यात त्याचं भलंच आहे.”

“तेच. तुम्ही वाचता एक आणि सांगता दुसरं, आणि मध्ये बेरीज केली हे तुम्हाला कळतही नाही. आता परवाचं बघा. कुणी बदललं असेल फळ्यावरचं? होडीवाल्याने? बदलणारा माणूस स्वतःची होडी वाळूत मोकळी सोडून झोपेल का? काकूंनी? त्यांनी बदललं असतं तर ‘अडीच मीच सांगितलं’ असं त्या बिनदिक्कत कशाला सांगतील? पोस्टमन? तो आपल्याच लबाडीत गुडघाभर भिजेल का? तिघेही बेटावरचे, आणि तिघेही अडीचवरच फसले. न फसलेला एकच, पक्षीवाला. तो बाहेरचा, आणि त्याने कुणाला विचारलं नव्हतं.”

हसणं थांबलं होतं.

“अडीचमधून चाळीस वजा करा,” थोरली म्हणाली.

“एक पन्नास,” पोस्टमन म्हणाला.

“पक्षीवाल्याने वाचलं तेच. फळा कुणी बदलला नाही. दिवसभर त्यावर एक पन्नासच होतं, आणि पाणीही एक पन्नासलाच चढलं. फळा बरोबर होता. म्हणूनच घात झाला. चाळीस मिनिटं आधीच मिळवलेली होती. तुम्ही ती पुन्हा मिळवलीत.”

काकू बाकावर बसल्या. “म्हणजे मी...”

“तुम्ही रोज करता तेच केलंत.”

अध्यक्षांनी घसा खाकरला. “पण बेटावरचा माणूस मिळवून लिहीलच कशाला? म्हातारबुवा, तुम्ही...?”

“मीच लिहिलं,” म्हातारा लगेच म्हणाला. “वय झालं. घोटाळा झाला. हा घ्या बिल्ला.”

“सकाळी तुम्ही मला एक दहा सांगितलंत,” थोरली हलकेच म्हणाली. “ज्याने लिहिलं त्याने पुस्तकाचं शेवटचं पान वाचलं होतं. तिथे बारीक अक्षरात छापलंय, बेटासाठी चाळीस मिनिटं मिळवावीत. बेटावर जन्मलेल्याला ते पान उघडायची गरजच नाही. आणि तुम्हाला तर...” ती थांबली. पुढचं वाक्य तिने गिळलं.

मग सून पुढे आली.

“मी लिहिलं. गेले दोन महिने मामंजींना अक्षर दिसत नाही. कुणाला कळू नये म्हणून पहाटे मी पुस्तक वाचून दाखवायची आणि ते सांगतील ते लिहायची. परवा शेवटचं पान दिसलं. मला वाटलं, इतके दिवस चूकच लिहितोय आपण. त्यांना वाईट वाटेल म्हणून न सांगताच दुरुस्त केलं.” ती थोरलीकडे वळली. “फळा बरोबर होता, म्हणून मी छाती ठोकून तुमच्याकडे आले. मला वाटलं, चोर दुसराच आहे.”

म्हातारा चाचपडत तिच्यापाशी गेला. “वेडे, तू मला विचारलं असतंस तर...” मग तोच थांबला. “आणि मी तुला सांगितलं असतं तर.”

अध्यक्षांच्या तळव्यावर बिल्ला होता. तो कुणाला द्यावा हे त्यांना समजेना. ते प्राध्यापकांकडे वळले. “तक्रार तुमची आहे. तुम्ही काय म्हणता?”

प्राध्यापकांनी पाण्याकडे बघितलं. “दोन दिवस मला कुणीतरी गुन्हेगार हवा होता,” ते म्हणाले. “नाहीतर तो मीच उरतो. तिने सांगितलं होतं, पाणी हलतंय म्हणून.” त्यांनी टोपी उचलली. “बिल्ल्याचं तुम्ही बघा. मला इस्पितळात जायचंय. अजून वाट कोरडी आहे ना?”

चार जण एकदम बोलायला गेले, आणि चौघंही गप्प झाले.

“चला,” म्हातारा म्हणाला. “मी सोडतो तुम्हाला.”

* * *

प्राध्यापकांच्या पत्नी तेरा दिवसांनी घरी आल्या. पुढच्या उन्हाळ्यात त्या बेटावर एकट्याच आल्या; प्राध्यापकांनी मात्र समुद्राचं नाव पुन्हा काढलं नाही. काकूंनी उरलेल्या आयुष्यात कुणालाही वेळ सांगितली नाही. विचारणाऱ्याला त्या फळ्यासमोर नेऊन उभं करत आणि मोठ्याने वाचायला लावत. फळ्यावर आता दोन रकाने होते, एक बंदराचा आणि एक बेटाचा. पोस्टमनची बदली झाली. होडीवाल्याला समितीने नवी फळी बसवून दिली, पण ‘तुझ्यावर उगीच संशय घेतला’ असं शेवटपर्यंत कुणी म्हटलं नाही. थोरली एक्क्याऐंशी साली गेली. धाकटीने कार्यालय बंद केलं आणि त्या सगळ्या वह्या खोडाखोडीसकट सांभाळून ठेवल्या.

बिल्ला सुनेला मिळाला. घर राहिलं. म्हातारा आणखी सहा वर्षं जगला, आणि पाहुण्यांना वाळूत न्यायचं असलं की अनवाणी तिच्याबरोबर निघायचा. कुठे वाळू घट्ट आणि कुठे दगाबाज, हे त्याच्या तळपायांना माहीत होतं. पुढे काय आहे, हे तिला दिसत होतं. तो तिचा दंड धरून चालायचा. पाहुण्यांना वाटायचं, सासरा सुनेला आधार देतोय. त्यांची ती समजूत दोघांनीही कधी दुरुस्त केली नाही.