शर्वाणीच्या आधी पोचलेला बूट

गेल्या वर्षीच्या शाळेच्या दौडीचं कोडं अजून सुटलेलं नव्हतं. शर्वाणी निकम बत्तिसावी आली. पण तिचा उजवा बूट मात्र तिच्या आधीच शेवटची रेषा ओलांडून थेट प्रमुख पाहुण्यांच्या चहात पडला होता. हे झालं कसं?

या रविवारी पुन्हा दौड होती. "नंबर नको मला, पण दोन्ही बूट पायांत ठेवून पोचायचंय," असं ती रडकुंडीला येऊन म्हणाली, तेव्हा बाबा तिला पळण्याचे पहिलेवहिले बूट घ्यायला घेऊन गेले. सन २०५८ मधल्या कराडच्या त्या दुकानात विक्रेता होता चाकांवरचा यंत्रमानव. जुने विक्रेते गणपुले निवृत्त झाले, तरी गिऱ्हाइकं "गणपुले, गणपुले" करायची थांबेनात, म्हणून त्याचंही नाव गणपुलेच ठेवलं होतं.

"दोन नंबर मोठे दाखव," बाबा म्हणाले. "वाढता पाय आहे. पुढे कापूस कोंबू."

"बाबा, गेल्या वर्षीही कापूसच होता! आणि बूट पाहुण्यांच्या चहात पडला!"

गणपुले आत गेला, डोक्यावर सहा खोकी रचून भरधाव बाहेर आला आणि बाबांसमोर करकचून ब्रेक मारून थांबला. खोकी थांबली नाहीत. ती बाबांवर कोसळली.

"माफ करा. यालाच जडत्व म्हणतात (चालती वस्तू चालतच राहू पाहते, थांबलेली थांबूनच, असा वस्तूचा हट्ट)."

"म्हणजे बाबांसारखा," शर्वाणी म्हणाली.

"एसटीने ब्रेक मारला की आपण पुढे जातो ना, तसंच. पळताना पाय झपकन पुढे येतो आणि थांबतो. सैल बुटाला त्याची खबरच नसते. तो निघाला चहाला! टाचेला धरून ठेवणारा बूट आणि नीट आवळलेली नाडी हाच त्याचा ब्रेक."

"मग अगदी चापून बसणारा घेऊ?" शर्वाणीने विचारलं.

"छे! पळताना पाऊल थोडं पसरतं, फुगतं. बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवीच, नाहीतर नखं काळीनिळी होतील. बाकी मला काय कळणार, मला पायच नाहीत. तूच पळून बघ."

पहिला बूट गादीवरून पळल्यासारखा गुबगुबीत निघाला. दुसरा करंगळीला चावला. तिसरा घालून ती जी सुटली, ती चौकाला वळसा घालूनच परतली.

"कसा वाटला?" गणपुलेने विचारलं.

"कोण?" पायात बूट आहे हेच विसरलेली शर्वाणी म्हणाली.

"हाच बांधतो," गणपुले म्हणाला.

रविवारी तेच पाहुणे आले होते. या वेळी त्यांनी कपावर बशी झाकून ठेवली होती. शर्वाणी सत्ताविसावी आली, दोन्ही बुटांसकट! तिला इतका आनंद झाला की तिने पाहुण्यांनाच मिठी मारली. मग कुठे त्यांनी बशी काढली.

संध्याकाळी शर्वाणीला घेऊन बाबा ओशाळत दुकानात शिरले. "गणपुले, माझाही पाय मोज."

"आठ नंबर. आणि घातलेत दहा!"

"दहावीत आईने घेऊन दिले होते. तेव्हापासून दहाच घेतो. ती म्हणाली होती, पाय वाढेल."

शर्वाणीने त्यांच्या बुटांतून मूठभर कापूस उपसला आणि आठ नंबरचे बूट पुढे केले. बाबांनी ते घातले, दोन उड्या मारल्या आणि दाराबाहेर पळत सुटले. चौक संपला तरी थांबेनात.

"तीस वर्षं थांबलेले होते," शर्वाणी म्हणाली. "आता चालू झालेत. जडत्व!"

आणि तीही त्यांच्यामागे धावली.