दोन देशांची अट

“टेबल सतरा हेच ना?” असं विचारता विचारता तो बसलासुद्धा.

“हे अकरा,” ती म्हणाली. “सतरा त्या खांबामागे. पण तिथले गृहस्थ मघाशीच उठून गेले.”

“मग इथेच बसू? दहा मिनिटं कुणाला तरी द्यायचीच आहेत...”

तिला हसू आलं. तिची पाळी ज्यांच्याशी होती, ते आलेच नव्हते.

संशोधनाला अनुदान देणाऱ्या एका संस्थेचा तो मेळावा होता. समाजशास्त्र, इतिहास, भाषा असल्या विषयांसाठी पैसे होते. अट एकच – अर्जात किमान दोन देश हवेत. ज्यांना परदेशी भागीदार नव्हता, ते इथे येऊन टेबलोटेबली दहा-दहा मिनिटं बोलायचे. ‘जोडीदार शोधायला चाललेय’ असं तिने सकाळी फोनवर आईला सांगितलं, तर आई म्हणाली, “मग जरा बरे कपडे घाल.”

“अगं, संशोधनाचा जोडीदार!”

“असू दे. तरी बरे कपडे घाल.”

ती समाजशास्त्र शिकवायची. अनोळखी माणसाला लोक पत्ता कसा सांगतात, याची दोनशे बारा ध्वनिमुद्रणं तिच्याकडे होती. तो दुसऱ्या देशातला, इतिहासाचा. पाहुण्यांना घरची वाट समजावून सांगणारी जुनी पत्रं तो सहा वर्षं जमवत होता.

“गंमत सांगू?” तो पुढे झुकला. “लोक नसलेल्या खुणा सांगतात. गिरणी जळून तीस वर्षं झाली, तरी पत्रात ‘गिरणीपासून डावीकडे’!”

“माझ्याकडे एक बाई आहेत, त्या तोडलेल्या झाडापासून उजवीकडे वळवतात,” ती म्हणाली. घंटा वाजली. दोघांपैकी कुणीच उठलं नाही.

मग पाच महिने दर मंगळवारी संगणकाच्या पडद्यावर भेटी झाल्या.

“तुमचं हे वाक्य चार ओळींचं आहे.”

“इतिहास लांबच असतो, मॅडम.”

“अर्ज दहाच पानांचा असतो, सर.”

तो हसताना चष्मा काढून पुसायचा. मंगळवारी सकाळपासून तिचं घड्याळाकडे लक्ष असायचं, आणि तसं ते असतं हे कबूल करायला ती तयार नव्हती. शेवटच्या दिवशी मुदत संपायला तीन मिनिटं उरली, तरी ती एक परिच्छेद पुन्हा वाचत बसली होती.

“अगं, दाब ना ते बटण!” तो ओरडला.

तिने दाबलं. अर्ज गेला. पलीकडे तो ओशाळला होता.

“काय म्हणालास?” तिने विचारलं, आणि मग तीही ओशाळली.

निकाल सात महिन्यांनी लागला. विद्यापीठाच्या अनुदान कक्षातल्या बाईंनी तिला बोलावून घेतलं.

“अभिनंदन! मंजूर झालाय. पण एक घोळ आहे. आपल्या इतिहास विभागात काल मुलाखती झाल्या. ज्यांची निवड झाली ते... तुमचेच भागीदार आहेत. ते इथे आले की दुसरा देशच उरत नाही. प्रकल्प रद्द. नेमायचे ते तीन तरुण संशोधकही गेले.”

तो इतिहास विभागाबाहेरच्या बाकावर बसला होता, मांडीवर बॅग घेऊन.

“आधी सांगायचं होतंस,” ती शेजारी बसत म्हणाली.

“बारा अर्जांत एक मंजूर होतो. म्हटलं, आपला काही व्हायचा नाही. मग निदान नोकरी तरी...”

“इथलीच? जगात इतिहासाचे विभाग कमी पडले?”

“विभाग पुष्कळ आहेत गं,” तो खाली बघत म्हणाला. “तू एकाच ठिकाणी आहेस.”

ये, नोकरी घे – तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्याची सहा वर्षं होती, आणि त्या तिघांपैकी एकीने या भरवशावर हातची नोकरी सोडली होती. ती उठली आणि सरळ इतिहासाच्या विभागप्रमुखांकडे गेली. प्रकल्प संपेपर्यंत जागा राखून ठेवता येईल का? नाही, ते म्हणाले. रांगेत दुसरे उमेदवार आहेत.

नकाराचं पत्र त्याने तिच्याच खोलीत, तिच्याच संगणकावर लिहिलं. तिने त्यातला एक स्वल्पविराम दुरुस्त केला. पत्र पाठवून झालं. तो बॅग उचलून उठला.

तिने मंजूर झालेलं अंदाजपत्रक उघडलं.

“तीन वर्षांत तुझ्याकडे माझे चार दौरे आहेत.”

“माहीत आहे. चारच.”

“पाचवा मी माझ्या पगारातून करणारेय.”

“पाचव्यात काम काय?”

“तुझ्या आईबाबांना भेटायचंय.”

तो पुन्हा खुर्चीत बसला. चष्मा काढायचं त्याला सुचलं नाही.

“पण तो... केव्हा?”

“पहिल्या चारांच्या आधी,” ती म्हणाली.