स्टेजखालच्या टाळ्या

पटो वा न पटो, हे खरोखर घडलंय. ज्यांच्यावर बेतलं ते दोघेही माझ्या घरचे. खैरुद्दीनमामू आणि माझे अब्बा, इद्रीस.

साल १९६४. डिसेंबरातला गुरुवार. मगरिबची, सूर्यास्ताची नमाज नुकतीच झालेली.

जागा, अबुधाबीजवळच्या समुद्रातलं एक बेट. तेल कंपनीचं.

मामू तिथे सुतार होते. मूळचे श्रीवर्धनचे, होड्या बांधणाऱ्या घरातले. अब्बा मेसमध्ये वेटर. त्या दिवशी साहेबांच्या क्लबात मोठा कार्यक्रम होता. अमेरिकेतल्या एका म्हाताऱ्या गीतकाराला गाणी लिहायला लागून पन्नास वर्षं झालेली. त्याच्या सन्मानासाठी त्याचीच गाणी, पहिल्यापासून आजपर्यंतची.

स्टेज मामूंनी बांधलं होतं, पियानोच्या झाकणाची बिजागरीही त्यांनीच बसवली होती. पडद्याची दोरी अब्बांकडे होती.

दुपारी तालीम चालू असताना मामूंनी पहिल्यांदा ऐकलं...

टक... टक... टक...

स्टेजखालून. बरोबर गाण्याच्या ठेक्यावर.

मामू खाली वाकले. कुणीच नव्हतं. नुसती रेती.

पण तासाभरापूर्वी तेच तिथे रांगत खिळे ठोकून आले होते. आता रेती सपाट होती... त्यांच्या गुडघ्यांची खूणसुद्धा नव्हती.

संध्याकाळी ते अब्बांना म्हणाले, "इद्रीस, आज दोरी दुसऱ्या कुणाला दे."

"भाईजान, नवं लाकूड आहे, वाजणारच. यल्ला, चला लवकर, साहेब लोक यायला लागलेत."

क्लब भरला. स्टेजवर पियानोपाशी हॅरिस साहेब बसले. दिवसभर ड्रिलिंगवर राबणारा माणूस, पण मामूंना नावाने हाक मारायचा. आधी गीतकाराचं पहिलं गाणं झालं, हॉटेलात बशा धुताना लिहिलेलं. मग लढाईवर गेलेल्या पोरांचं. मग सिनेमातली.

गाण्यागणिक स्टेजखालचे ठोके पियानोच्या दिशेने सरकत होते.

मग एक संथ गाणं सुरू झालं.

आणि ठोके थांबले...

धाड्!

पियानोचं झाकण हॅरिस साहेबांच्या बोटांवर आदळलं. ते किंचाळले. हात निघेनात.

अब्बा दोरी सोडून धावले. त्यांनी झाकणाला हात घातला मात्र... त्यांची मान मागे खेचली गेली. केस मुठीत धरल्यासारखे ताणले गेले.

धरणारं कुणीच दिसत नव्हतं.

त्यांचं डोकं पियानोच्या कडेवर आपटलं. एकदा. पुन्हा. पुन्हा.

"या अल्ला! सोड त्याला!"

मामू कुऱ्हाड घेऊन वर चढले. तीन घावांत झाकण फुटलं. साहेबांचे हात बाहेर आले. बोटांची हाडं दिसत होती. मामूंनी अब्बांना कमरेला धरून खाली ओढलं. अब्बांच्या कानातून रक्ताची धार लागली होती.

पण पियानो वाजतच होता...

रक्ताने माखलेल्या पट्ट्या आपोआप खाली जात होत्या, वर येत होत्या. गाणं शेवटपर्यंत वाजलं. एकही सूर चुकला नाही.



मग टाळ्या ऐकू आल्या. सावकाश. एकाच माणसाच्या...

स्टेजखालून.

हॅरिस साहेबांची तीन बोटं कापावी लागली. त्यांना विमानाने मायदेशी पाठवलं. अब्बांचा डावा कान कायमचा गेला. चौकशीच्या कागदावर लिहिलं गेलं की सुताराने झाकणाची बिजागरी नीट बसवली नव्हती.

मामूंनी सही केली.

"दुसरं काय सांगणार होतो, रशीदा?" ते माझ्या अम्मीला म्हणाले. "पण इतक्या वर्षांत माझं एक बिजागर हललेलं नाही गं." त्यानंतर कितीतरी महिने त्यांनी हत्याराला हात लावला नाही.

वर्षभराने अमेरिकेहून पत्र आलं. हॅरिस साहेबांनी बायकोकडून लिहून घेतलेलं. ते पत्र आज माझ्याकडे आहे. दोनच ओळी.

"खैरुद्दीन, चूक तुझी नव्हती. माझ्या शेजारी कोण येऊन बसलं होतं ते मी पाहिलंय."

कोण, ते लिहिलेलं नाही.

मामूंनी उलट टपाली विचारलं. एकदा नाही, चार वेळा.

उत्तर कधीच आलं नाही.