पेडलवरचा दुसरा पाय

त्या घरात एक नियम होता, आणि तो का आहे हे विचारायचं नाही असा दुसरा नियम होता. डॉक्टरांचं बोलणं ऐकून टाईप करताना एखादा शब्द कळला नाही, तर तिथे जागा रिकामी सोडायची. अंदाजाने भरायची नाही.

"आणि मग ती भरायची कुणी?" ठिणगी विचारायची.

"सांगितलं तेवढं कर," काका म्हणायचे. त्यांनी पुतणीचं नाव ठिणगी ठेवलं होतं, ते उगाच नाही.

काका, काकू आणि त्यांची मुलगी, म्हणजे ताई, तिघांचीही रोजीरोटी दवाखान्यातल्या टायपिंगवर. उद्या तिथल्या एका जागेसाठी ठिणगीची परीक्षा होती. आधी हाडं, आजार, औषधं यांच्या शब्दांचा पेपर, मग हेडफोन लावून रिपोर्ट टाईप करायचा. दोन वर्षांपूर्वी ताईला यात शंभरपैकी शंभर मिळाले. एकही जागा रिकामी नाही! तेव्हापासून घरात उठता-बसता ताईचे गोडवे, आणि ते ऐकून ठिणगी जळायची. कॉलेजची पदवी ठिणगीकडे, रात्र रात्र पाठांतर तिचं, तरी सरावात नव्वदीच्या पुढे गाडी जाईना.

"कोलेसिस्टेक्टमी म्हणजे काय, विचार ताईला," ती एकदा काकूला म्हणाली होती. "पित्ताशय काढणं, एवढंसुद्धा यायचं नाही तिला."

"जळू नकोस," काकू एवढंच म्हणाली, आणि उठून आत गेली.

आज जेवणं झाल्यावर काकांनी ठिणगीला माळ्यावर पाठवलं. "जुनं पेडल आहे बघ फडक्यात बांधलेलं. तेवढं काढून आण." परीक्षेला आपलं पेडल न्यायची मुभा होती. पायाने दाबलं की रेकॉर्डिंग सुरू, टाचेने दाबलं की मागे. हे काळं, लोखंडी, चांगलं जड होतं. तिने त्यावर एक सराव केला. आठ जागा रिकाम्या राहिल्या. चरफडत तिने हेडफोन काढून ठेवला.

"बस इथे," काका म्हणाले. त्यांनी दिवा मालवला. टेबलावरच्या संगणकाच्या पडद्याचा तेवढा उजेड राहिला. ताई सतरंजीच्या कडेला, काकू दारात.

"आमच्या दवाखान्याच्या कचेरीतली गोष्ट. बनवून सांगत नाही, त्या बाईला मी ओळखतो. दोघी जिवाभावाच्या मैत्रिणी, एका ताटात जेवणाऱ्या. एक बरी होती. दुसरी मात्र... डॉक्टरने खोकत, जांभया देत सांगितलेलंही तिला समजायचं. आम्ही तिला पंडितीण म्हणायचो. परीक्षा लागली. जागा एकच."

"नेहमीसारखी," ठिणगी म्हणाली.

"ऐक. परीक्षेच्या सकाळी पहिलीने पंडितिणीच्या पेडलची वायर ढिली केली. आवाज पुढे जाई, मागे येईना. ऐकायचं ते एकदाच. तरी पोरीने बरंचसं लिहिलं. पण राहिल्या जागा. नापास. त्याच थंडीत तापाने गेली."

दारात काकूची बांगडी वाजली.

"नोकरी पहिलीला लागली. टेबल परीक्षेचं तेच, पेडलही पंडितिणीचंच, वायर बसवून घेतलेलं. डिसेंबरचा शेवटचा शनिवार. रात्रपाळीला ती एकटी. अपघाताचा रिपोर्ट होता, अवघड. पाच-सहा शब्द काही केल्या कळेनात. तिने जागा सोडल्या. पाणी पिऊन आली. बघते तर... भरलेल्या."

"कुणी?"

"खोलीत कुणी नव्हतं. तिला वाटलं, आपणच भरल्या असतील. दुसऱ्या रात्री मुद्दाम सोडल्या. भरल्या. साहेब खूश, पगार वाढला. आणि ती... ती जळायला लागली गं. मेलेल्या बाईवर. कारण कौतुक होई ते त्या शब्दांचंच. मग एका रात्री तिने ठरवलं, आज एकही जागा सोडायची नाही. येईल तसं ठोकायचं. सगळं ठोकून झालं, तिने पेडलवरून पाय उचलला. आवाज बंद व्हायला हवा ना?"

काका थांबले.

"झाला नाही. मागे गेला. तेच वाक्य. परत मागे. तेच वाक्य. तिने खाली वाकून बघितलं..."

"काय होतं?"

"पाऊल. एकच. तिच्या पायाशेजारी... पेडलवर."



"तेव्हापासून हा नियम," काका हळूच म्हणाले. "जागा सोडायची. बाकी ती बघते. उद्या हे पेडल ने. ताईनेही नेलं होतं."

ठिणगीने ताईकडे पाहिलं. ताई सतरंजीचा दोरा ओढत होती. शंभरपैकी शंभर! दोन वर्षं ठिणगी रात्रंदिवस जळत होती, आणि जिच्यावर जळायचं ती ताई नव्हतीच.

ती उठून पडद्याजवळ गेली. आठही जागा भरलेल्या. एकेक शब्द अचूक. यातले तीन तर तिने जन्मात ऐकले नव्हते. किती येत होतं पंडितिणीला! आणि लगेच दुसरा विचार, गुळचट, चिकट... ने की. जागा एकच आहे. कुणाला कळणार आहे?

तिने मागे वळून बघितलं.

"काकू, वायर ढिली करणारी ती बाई तूच ना?"

काकूने पदर तोंडाला लावला.

"मीही जळते. ताईवर जळले, आता ह्या पंडितिणीवर जळते आहे. पण म्हणून हिच्या जिवावर पास होणार नाही. आयुष्यभर हिच्याकडून फुकट काम करून घेतलंत तुम्ही, आणि त्याला नियम म्हणता? कुणी एकदा तरी म्हणालं, हे गुण पंडितिणीचे? मी हे पेडल नेणार नाही. जे मला कळणार नाही ते कळलं नाही, असंच राहील. नापास झाले तर माझी मी होईन."

"पोरी, जागा हातची जाईल," काका म्हणाले.

"जाऊ दे."

काकू भिंतीला टेकून खाली बसली.

तेवढ्यात टेबलाखाली आवाज झाला. खट्. कुणीतरी पाय उचलल्यासारखा.

ठिणगीने पडद्याकडे पाहिलं. तिने टाईप केलेलं सगळं जिथल्या तिथे होतं. आठही जागा रिकाम्या होत्या.