अंगठ्याच्या यंत्राचा घोळ

"हात लावू नकोस म्हटलं ना!" अनिलकाका असे कडाडले की बाकावर बसलेल्या सगळ्या म्हाताऱ्यांनी दचकून माना वर केल्या. "लक्ष्मीपूजनाच्या दुपारी याच कंप्युटरवर गेम खेळत होतास ना? आज दुकान उघडतोय तर यंत्र बंद! आणखी काय मोडायचं राहिलंय?"

अनिशने हात मागे घेतला. दिवाळीच्या सुट्टीत मोठ्या हौसेने तो पोफळीहून रत्नागिरीला मावशीकडे आला होता. आता त्याला तोंड लपवायला जागा सापडेना.

अनिलकाका म्हणजे मावशीचे यजमान. त्यांचं सेवा केंद्र होतं. दिवाळी सरली की तिथे पेन्शनवाल्यांची रांग लागायची. यंत्रावर अंगठा टेकवायचा, हयातीचा दाखला घ्यायचा, म्हणजे पेन्शन चालू राहते. आणि नेमकं ते अंगठ्याचं यंत्रच कंप्युटरला दिसेनासं झालं होतं! यंत्रातला लाल दिवा ऐटीत जळत होता, पण पडद्यावर एकच रड: 'उपकरण सापडले नाही'.

"म्हंजी मी मेलीय म्हनतंय काय त्ये?" रांगेतल्या पहिल्या सोनूबाईंनी विचारलं.

कुणालाच हसू आलं नाही. अनिशला तर मुळीच नाही.

"तुझ्या बाबांना फोन केलाय," काका म्हणाले. "दुपारच्या एसटीने घरी जायचं. त्यांनीही सांगितलंय, पाठवून द्या." एवढं बोलून ते दुरुस्तीवाल्याला आणायला तरातरा बाजारात निघून गेले.

पाठवून द्या! काय झालं, असं बाबांनी एकदाही विचारलं नाही? अनिशने बाहीने डोळे पुसले. काकांच्या ओरडण्यापेक्षा हेच जास्त लागलं होतं.

"रडतोस काय? चल, शोधू या!" त्याची मावसबहीण मनस्विनी म्हणाली.

"माझ्या मते यंत्राची दिवाळीची सुट्टी संपलेली नाही," शेजारचा अजिंक्य म्हणाला.

"गप रे!"

मनस्विनीने कंप्युटर बंद करून पुन्हा चालू केला. काही नाही. अजिंक्यने यंत्राची वायर मागच्या पोर्टात खुपसली, तर पडद्यावर 'उपकरण ओळखता येत नाही' असं आलं.

"अरे, मागचे सगळे पोर्ट निळे, नवीन पद्धतीचे! हे यंत्र जुनं आहे, त्यांत ते कधीच चाललेलं नाही. पुढच्या काळ्या पोर्टातच चालतं," ती म्हणाली.

"मग पुढे माऊस लावून बघ," अनिश हळूच म्हणाला.

लावला. माऊसचा दिवा लागला, पण पडद्यावरचा बाण जागचा हलेना! तोच माऊस मागे लावला, तर पळायला लागला.

"म्हणजे यंत्र ठणठणीत आहे. पोर्ट बिघडलाय!" अजिंक्य ओरडला. मग एकदम त्याचा चेहरा पडला. "पण अनिश, त्या पोर्टात शेवटी तुझीच जॉयस्टिक..."

खरंच आपणच मोडलं की काय? न विचारता खेळलो हे तर खरंच होतं. पळून जावंसं वाटत असतानाही त्याने जॉयस्टिक आणली आणि काळ्या पोर्टात घातली. ती आत गेली आणि मध्येच अडली.

"हे बघ! त्या दिवशी ही पार आतपर्यंत गेली होती. आज थोडी बाहेर राहतेय!"

मनस्विनीने मोबाईलच्या टॉर्चचा उजेड आत पाडला. पोर्टाच्या तळाशी काहीतरी गुलाबी चमकलं.

"टाचणी देऊ?" अजिंक्यने विचारलं.

"वेडा आहेस का? आतली पट्टी वाकली तर संपलंच! आधी वीज बंद," मनस्विनी म्हणाली.

बटण बंद झालं, वायर काढली. अजिंक्यने केरसुणीचा एक हीर मोडून दिला. अनिशने श्वास रोखून टोकाने अलगद उकरलं, आणि टेबलावर टपकन पडला कुंकवाने माखलेला तांदळाचा दाणा!

"अक्षता!" तिघं एकदम ओरडली.

"म्हणून दिवा लागत होता," जॉयस्टिकच्या प्लगच्या आत बघत अनिश म्हणाला. "कडेच्या पट्ट्या लांब आहेत, त्यांतून वीज मिळते. मधल्या आखूड पट्ट्या पोचतच नव्हत्या!"

"कसल्या अक्षता?" दारात काका उभे होते. दुरुस्तीवाला मिळाला नव्हता.

"बाबा," मनस्विनी गोड आवाजात म्हणाली, "लक्ष्मीपूजनाला संध्याकाळी कंप्युटरवर मूठभर अक्षता कुणी उधळल्या हो?"

काका दाण्याकडे बघतच राहिले. वीज चालू करून यंत्र जोडलं. या वेळी ते पार आत बसलं. सोनूबाईंनी अंगठा टेकवला आणि पडद्यावर हिरवी खूण उमटली.

"आजी, तुम्ही जिवंत आहात!" अजिंक्य ओरडला.

"त्ये मला ठावं हुतं रं!" सोनूबाई म्हणाल्या. मग त्यांनी अनिशच्या डोक्यावर हात ठेवला. "शाना हाय माजा बाबू."

काकांनी सगळ्या रांगेसमोर फोन लावला. "दादा, चूक माझी होती. पोरावर उगाच आळ घेतला. उलट त्यानेच दुरुस्त केलं. खरंच हुशार आहे हो! नाही पाठवत त्याला."

पलीकडून बाबांचा आवाज आला, "त्याला फोन द्या."

अनिशने फोन कानाला लावला.

"अनिश, मी आधी तुला विचारायला हवं होतं रे."

अनिश नुसती मान हलवत राहिला आणि पलीकडे बाबा म्हणत राहिले, "हॅलो? अनिश? आहेस ना?"