पाखरीचा तंग

आषाढात पाखरी घोडी मेली आणि श्रावणात तिच्या खोगिरावर बुरशी चढली. पाच वाजता देगलूरचा आनंदराज ते विकत न्यायला येणार होता, म्हणून रुद्राणी दुपारीच उदगीरच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये फडकं घेऊन बसली.

साबणाच्या ओल्या फडक्यानं पुसायचं, सावलीत वाळवायचं, एरंडेल जिरवायचं. पोटाखालून आवळायचा पट्टा, म्हणजे तंग, शेवटी नेहमीच्याच भोकात अडकवायचा. ही तिच्या वडिलांची, अप्पांची रीत. पाखरीचं भोक तिसरं.

आषाढातल्या त्या सकाळी मात्र रुद्राणीनं तो सगळ्यात घट्ट, पहिल्या भोकात आवळला होता. तंग बांधताना घोडे पोट फुगवून धरतात, हे तिला ठाऊक. "लबाड कुठली!" म्हणत तिनं गुडघा टेकवून वादी ओढली. संध्याकाळी पाखरी गेली. डॉक्टर म्हणाले, पोटशूळ. पोटात सात महिन्यांचं शिंगरू निघालं; अकरा महिने भरून ती कार्तिकात व्याली असती. माळेगावच्या जत्रेतून आणली तेव्हाच ती गाभण होती, कुणालाच कळलं नव्हतं. आणि त्या पहिल्या भोकाचं रुद्राणी अजून कुणापाशी बोलली नव्हती.

खोगीर ओंडक्यावर होतं. तंग त्याखाली तिसऱ्या भोकात सैलसा अडकवून ती एरंडेल आणायला गेली. परत आली तर बकल चौथ्यात. आपणच विसरलो असू... तिनं पुन्हा तिसऱ्यात घातलं आणि फडकं पिळायला वळली. मागं चामडं हळूच करकरलं.

पाचवं.

साबणाच्या वासात घामाचा ऊबदार वास मिसळला होता. ती किंचाळली.

"पाल दिसली का गं?" अप्पा धावत आले.

"अप्पा... बकल आपोआप सरकतंय. त्या दिवशी मी तंग दोन भोकं जास्त आवळला होता. मला वाटलं, फुगवून धरलीय."

अप्पा खोगिरापाशी आले. "मग आज सांगायलीस?"

"खोगीर गेलं असतं, तर कधीच सांगता आलं नसतं."

"येडी हायस. म्या बी तसाच आवळला असता." ते वाकले. "हे बघ, लाकडाला काय पोट असतंय?"

त्यांनी वादी ओढली. सैल लोंबणारा तंग मध्येच अडला. आत नुसती हवा होती. त्यांनी जोर लावला, आणि चटका बसावा तसा हात मागं घेतला.

"सोड," ते कुजबुजले. "शेवटच्या भोकावर सोड... हळू."

बाहेर हॉर्न वाजला. अप्पांनी आनंदराजला चहा पाजून तसाच परत लावून दिला.

तेव्हापासून रुद्राणी दर सोमवारी चामडं पुसायची. तंगाला मात्र हात लावायची नाही. कार्तिकातल्या एका सकाळी तो आपोआप तिसऱ्या भोकावर आलेला दिसला. तिला कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेता आला. मग तिनं खुंटीवरचा लगाम पुसायला घेतला. त्याची वादी तिच्या मांडीपर्यंत खाली लोंबत होती. टोक ओलं होतं, चोखून चोखून मऊ झालेलं.

दाताचा व्रण मात्र एकही नव्हता.